डावी सीट

बावीस वर्षं मी डाव्या बाजूला बसतो.
पायाशी एक क्लच, एक ब्रेक.
हातात काहीच नाही.
घणसोली स्टेशनपासून तळवलीच्या नाक्यापर्यंत
रोज दहा-अकरा जण मला घेऊन जातात,
म्हणजे त्यांना तसं वाटतं.
"मॅडम, हाफ क्लच. हाफ. हाफ म्हणजे अर्धा."
आज मुकादमबाईंनी डंपरच्या पुढ्यात गाडी बंद पाडली
आणि मला सोडून डंपरलाच सॉरी म्हणाल्या.

घरी आलो तर विधीने इस्त्रीच्या टेबलाला
क्लॅम्प लावून स्टिअरिंग आवळलेलं.
तुर्भ्याहून आणलेलं, जुनं,
अंगठ्यापाशी कातडं झिजलेलं;
कुणीतरी यावर आधीच बरंच फिरून आलंय.
पेडल फरशीवर सरकू नयेत म्हणून
मागे वाडा कोलमची दहा किलोची गोणी.

"पप्पा, चार दिवस ट्यून करतेय.
टेस्ट ड्राइव्ह तुम्ही घ्या.
मला आता तिच्यातलं काही दिसत नाही,
मला ती आवडायला लागलीये."

रसायनशास्त्राच्या वहीत, शेवटच्या पानावर, सगळं लिहिलेलं:
स्प्रिंग किती कडक, चौथा गिअर किती लांब,
पुढच्या टायरात हवा किती,
टर्बो कितव्या आकड्याला जागा होतो.
मी आयुष्यात स्टेपनी बदलण्यापलीकडे गेलो नाही.
या सोळा वर्षांच्या पोरीने गाडीचं पोट उघडून
आतडी मोजून परत शिवलेली.

पडदा उजळला.
हिरवी गाडी, शेवाळी,
जुन्या विहिरीच्या कठड्यासारखी.
कॅमेरा आत शिरला आणि मी थबकलो.
परदेशी गाडी.
स्टिअरिंग डावीकडे.

म्हणजे मी माझ्याच जागेवर बसलो होतो.
तीच खिडकी, रस्त्याची तीच कड.
फक्त समोर, जिथे इतकी वर्षं
आरसी बुकाचा कप्पा
आणि वर चिकटवलेली एकवीरा आई,
तिथे चाक.

उजवी सीट रिकामी.
मी तिच्याकडे दोनदा पाहिलं.

पहिली फेरी चाळिसावर घेतली.
वळणाआधी सिग्नल द्यायला बोट हललं,
दांडीच नव्हती.
"पप्पा, इथे आरटीओ नाहीये."
"सवय असू दे," मी म्हणालो,
कुणाला म्हणालो कोण जाणे.

दुसऱ्या फेरीत बोगदा, बोगद्यानंतर सरळ रस्ता,
आणि मी पाय उचलायचा विसरलो.
एकशे साठ. एकशे नव्वद.
खालच्या मढवींचा कुत्रा भुंकायला लागला.
दोनशे बारा.
इस्त्रीचं टेबल दात वाजल्यासारखं वाजत होतं
आणि डोंगर अंगावर आला,
गाडी मागून सुटली,
माझा डावा पाय त्याचा जुना ब्रेक शोधत
गोणीत घुसला.

तेव्हा कडेला नजर गेली.
विधी प्लॅस्टिकच्या स्टुलावर, डोळे पडद्यावर,
आणि तिचा अनवाणी पाय
फरशीवर दाबलेला, बोटं पांढरी पडेस्तोवर,
जिथे काहीच नव्हतं.

मी बोललो नाही.
गाडी सावरली. म्हणजे
कठड्याला घासून सावरली, एक आरसा गेला.

"मागून हलकी आहे," मी म्हटलं.
"शिरताना नाही. बाहेर पडताना.
घाई करते."

तिने पेनाचं टोपण दातात धरलं.
मागून हलकी. बाहेर पडताना. घाई.
माझेच शब्द, तसेच्या तसे,
तिच्या तिरक्या अक्षरात, बेंझिनच्या खाली.
मग दोन आकडे खोडले,
एक परत तोच लिहिला.
"अजून एकदा?"

बारा वाजून गेलेले.
सकाळी साडेसहाला मुकादमबाई, उड्डाणपुलाचा चढ,
हँडब्रेकवरून गाडी उचलायचा धडा.

मी गोणी भिंतीला नीट टेकवली,
खुर्ची पुढे ओढली
आणि पट्टा घ्यायला
हात खांद्यामागे नेला.